मापाला उभा राहिलेला

विनूदादा,

तुझा फोटो मला व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होऊन आला. कर्जतकडच्या कुठल्याशा हळदीतला घोळका, तो कुणीतरी स्टेटसला ठेवलेला, त्याचा दुसऱ्या कुणीतरी स्क्रीनशॉट काढलेला आणि तिसऱ्याने त्यातून तुझं डोकं कापून घेतलेलं. डोळ्यांवर कुणाचा तरी गॉगल. कानाच्या जागी चौकोन. खाली तुझ्या धाकट्या भावाचा, संजयचा निरोप : "ताई, दादाचा बॅनर करायचाय. दहाव्याच्या आदी नाक्यावर लागला पायजे. मजकूर तू लिव."

तुला सांगते, मला आधी हसू आलं. रडू त्याच्यानंतर. अर्ध्या खालापूर तालुक्याने तुझा नंबर 'विनू डॉक्युमेंट' या नावाने सेव्ह केला होता. कुणाचाही फोन आला, मुंजीचा असो की वाढदिवसाचा, तुझं पहिलं वाक्य ठरलेलं. "फोटो डॉक्युमेंट म्हनून पाठव रं. साधा पाठवलास तर व्हॉट्सॲप त्याचं हाडमांस काढून घेतं, आनि मला नुसती कातडी येते." लोक हो म्हणायचे आणि साधाच पाठवायचे. मग तू पुन्हा फोन करायचास. पुन्हा तेच. आणि तू गेल्यावर तुझ्या सख्ख्या भावाने मला साधाच पाठवला, दादा. तोही स्क्रीनशॉट.

मी दमले आहे. हे तुला आधीच सांगून ठेवते, कारण मी दमले म्हटलं की तू खुर्ची पुढे सरकवायचास आणि म्हणायचास, "बस. क्रांती जरा टेकली तर काय बुडत नाय." आता ती खुर्ची रिकामी आहे आणि तिच्यात बसायचं मला धाडस होत नाही. त्याच खुर्चीत सकाळी शटर उघडून तू बसलास तो बसलासच, असं संजय सांगतो. मशीन चालू होतं म्हणे. अर्धा बॅनर बाहेर आला होता.

आपली ओळख पत्रकांमुळे झाली. माझ्या बाबांनी कर्जतला आयुष्यभर पत्रकं काढली. धरणाच्या पाण्यावर, रस्त्यात गेलेल्या जमिनींवर, डोंगर फोडणाऱ्या खाणींवर. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूंवर. एका अंगाला 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा' आणि दुसऱ्या अंगाला माझी बाराखडी. बाबा थकले आणि पत्रकांचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा खालापूरच्या तहसील कचेरीच्या गल्लीतलं तुझं दुकान कुणीतरी सुचवलं. फ्लेक्स, लग्नाचे अल्बम, झेरॉक्स, ओळखपत्राचे फोटो. आत शाईचा असा वास की पहिल्या दिवशी माझं डोकं चढलं. तू माझा कागद वाचलास आणि म्हणालास, "लिवतेस झ्याक. पन सगळीच वाक्यं ओरडतायत गं. एखादं तरी खाली बसव."

मला राग आला होता. तुझा मला कायमच राग यायचा. तू उमेदवारांच्या वाढदिवसाचे बॅनर छापायचास, ज्यांच्याविरुद्ध माझी पत्रकं असायची त्यांचेही, आणि दोन्ही एकाच टेबलावर सुकत पडलेले असायचे. मी एकदा म्हटलं, "तुला काही वाटतं का?" तू म्हणालास, "वाटतं ना. त्यांच्या चेहऱ्याला ठिपके जास्ती असतात, तुज्या पत्रकातल्या लोकांना कमी. त्याचंच वाटतं."

तेव्हा मला ते कळलं नाही. साहेबांचे फोटो मोठ्या कॅमेऱ्याने काढलेले, मूळ फाइल पेनड्राइव्हमधून आलेली. भिंतीएवढे केले तरी मिशीचा केस न् केस दिसायचा. माझ्या पत्रकातली माणसं कुणाच्या तरी फुटलेल्या काचेच्या मोबाइलमधून, चार ग्रुपांतून झिजत यायची.

आपलं खरं भांडण नाल्यावरून झालं. ते मिटलंच नाही.

कुंभिवलीच्या मागच्या नाल्यात मासे मरून वर आले होते. पाण्याला जांभळट तवंग. कुणीतरी फोटो काढला आणि तो फिरत फिरत माझ्याकडे आला. मला तो पत्रकावर अर्धं पान हवा होता. वर मासे, खाली माझा मजकूर. तू तो संगणकावर उघडलास, माप टाकलंस आणि मान हलवलीस.

"काडेपेटीएवढा लावीन. त्याच्यावर नाय."

"काडेपेटीएवढा? लोकांना मासे दिसायला नकोत?"

"मोठा केला तर दिसनार नायत, हेच सांगतोय. तुमच्या घरी शेती हाय का?"

"होती."

"मग आईक. एका खाचराला पुरतील एवढी भाताची रोपं हायत तुज्याकडं. ती चार खाचरांत लावलीस तर काय व्हईल? रोपं तेवढीच, मधी चिखल दिसंल. फोटोचं तसंच. त्याच्या पोटात ठिपके ठरलेले असतात. पत्रक लोक हातात धरून वाचतात, इंचाला तीनशे ठिपके पायजेत, दाट लावनी. फ्लेक्स रस्त्यावरनं बघतात, तिथं पातळ चालतं, लांबून चिखल दिसत नाय. तुजं पत्रक हातात जानार. हाताला सगळं कळतं."

मी म्हटलं, मग त्या ॲपवर टाकू. आता एक बटण दाबलं की फोटो साफ होतो, सगळे करतात. तू तो टाकलास. फोटो गुळगुळीत होऊन आला. माशांना खवले आले, डोळे आले, पाण्याला चकाकी आली. मी खूश. तू खिशातून ते भिंग काढलंस, ज्याने तू छपाई तपासायचास, आणि ते माझ्या हातात देऊन म्हणालास, "मोज."

मूळ फोटोत कडेला एक पान तरंगत होतं. ॲपने त्याचाही मासा केला होता.

"मधल्या चिखलात ह्यो आपल्या मनानं रोपं काडतो," तू म्हणालास. "हिरवीगार दिसतात. भात लागनार नाय त्यांना."

"पण मासे मेलेत हे खरं आहे ना, दादा? एक जास्त दिसला तर काय बिघडलं?"

"खरं हाय म्हनून तर पानाचा मासा नको. कुनी एकानं जरी वळखलं ना की ह्यो मासा नव्हता, तर बाकीचे पन मेले नवते असं ठरवतील. तुज्या बाबांना इच्यार."

मी बाबांना विचारलं नाही. मी तुला भित्रा म्हणाले. दुकानात लोक होते, दाखल्यांच्या झेरॉक्स काढायला आलेले, त्यांच्यासमोर म्हणाले. तू हसलास आणि त्या लोकांना म्हणालास, "बगा, आमाला पन शिव्या देनारं घरचं मानूस हाय." मग दुपारी दुकान संजयवर टाकून तू मोटारसायकलवर कुंभिवलीत गेलास, कारण तुझं घर तिथलंच आणि तुला वाटलं, ज्याने फोटो काढला तो सापडेल, त्याच्याकडे मूळ फाइल असेल. माणूस सापडला. त्याने मोबाइल बदलला होता आणि जुन्यातलं सगळं पुसून तो विकून टाकला होता. मूळ मासे कुठेच नव्हते.

पत्रक निघालं. फोटो काडेपेटीएवढा. स्वच्छ, खरा आणि कुणी न बघितलेला. आठवडी बाजारात मी ते हातात देत होते आणि लोक विचारत होते, "कसला फोटो हाय ह्यो, ताई?" संध्याकाळी त्यांतली काही पत्रकं भज्यांखाली दिसली. नाला आजही तसाच वाहतो. म्हणून मी अजून म्हणते, दादा, की अर्धं पान फोटो लावला असता तर निदान लोक थांबले असते. आणि तू असतास तर अजून म्हणाला असतास, थांबून काय बघितलं असतं? हे भांडण मला संपवायचं नव्हतं. एवढ्यात तर नव्हतंच.

त्या पत्रकानंतर मी महिनाभर दुकानात फिरकले नाही. मग एका रविवारी तुझाच फोन. "रुसवा झाला असंल तर चल. कोंडाण्याच्या लेन्यांकडं जाऊ. तुला फोटो काडायला शिकवतो. उसने फोटो घेऊन कुटवर लडनार?"

थंडीचे दिवस होते. कर्जतवरून कोंडाणे गावापर्यंत गाडीने आणि पुढे रानातून पायी. तू वाटभर बोलत होतास. उजेड पाठीशी ठेव. जवळचं हवं असेल तर पायाने जवळ जा, बोटांनी ताणू नकोस. बोटांनी ताणलं की मोबाइल आतल्या आत कापतो आणि कापलेलं मोठं करतो. एक सोडून चार काढ. आणि काढलेला मूळ फोटो जपून ठेव, तो कुणाला देऊ नकोस, त्याची नक्कल दे.

लेण्यांपाशी पोचल्यावर मी कातळात कोरलेल्या मोठ्या कमानीचा फोटो काढला आणि तुला दाखवला. तू म्हणालास, "झ्याक. पन ही केवढी हाय ते कळतं का? देवघर पन असंल, डोंगर पन असंल. थांब, मी मापाला उभा ऱ्हातो." आणि तू खडकावरून उतरून कमानीच्या बुडाशी जाऊन उभा राहिलास. एक हात कमरेवर, दुसरा वर, तळवा पुढे. झाडांतून वारा येत होता. तू तिकडून काहीतरी ओरडत होतास, मला ऐकू येत नव्हतं. मी फोटो काढला. परतताना विचारायचं राहून गेलं. भूक लागली होती.

आता बॅनरचं ऐक. तू नाक्यावर कितीजणांचे श्रद्धांजलीचे बॅनर लावलेस ते मला ठाऊक नाही, पण एक ठाऊक आहे : मयताचा फोटो तू कधी मोबाइलवर मागवला नाहीस. घरी जायचास. "कागदावरचा फोटो हाय का घरात?" म्हणून विचारायचास. मग ट्रंका उघडायच्या, लग्नाचे अल्बम निघायचे, बँकेच्या पुस्तकावरचा फोटो निघायचा, आणि फोटो शोधता शोधता घरातली माणसं बोलायला लागायची. तू चहा घेत ऐकायचास. जो फोटो मिळेल तो दुकानात आणून नीट स्कॅन करायचास आणि जेवढा झेपेल तेवढाच लावायचास. पोरं भांडायची. त्यांना खाली 'शोकाकुल' म्हणून स्वतःच्या चेहऱ्यांची रांग हवी असायची. "मेलेला एक आनि रडनारे चाळीस," तू म्हणायचास, "आनि चाळीसच्या चाळीस गॉगल घालून."

तुझ्या घरी मी गेले, दादा. कागदावरचा फोटो मागायला. सुरेखावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. संजय लॅपटॉप घेऊन समोर. ट्रंक उघडली तर सगळ्या गावाची लग्नं निघाली आणि तू कशातच नव्हतास. असणार कसा? कॅमेरा तुझ्या हातात. एक तुमच्या लग्नातला फोटो होता. वहिनी म्हणाल्या, "ह्यो नको. लोक म्हनतील कुनी तरना पोर गेला." आधार कार्डावरच्या फोटोबद्दल तर बोलायलाच नको.

तेव्हा संजय म्हणाला, "मी एक केलाय." आणि त्याने दाखवला.

हळदीतला तोच फोटो. ॲपने गॉगल काढून टाकला होता आणि आत डोळे बसवले होते. टपोरे. तुझ्या डाव्या भुवईत लहानपणीच्या कोयत्याची जी खाच होती ती बुजवली होती. रंग उजळ. दात एकसारखे, पानाचा डाग नसलेले. दहा फूट उंचीचा, नाक्यावरून नजर हटणार नाही असा. संजयचे डोळे भरलेले. "दादाचा बॅनर सगळ्यात मोठा पायजे, ताई. त्यानं सगळ्यांचे केले."

मी रागावणार होते. तोंडाशी आलं होतं सगळं, पानाचा मासा आणि काय काय. पण त्याच्याकडे बघून बोलवेना. पोरगं तुझ्या वियोगात जेवत नाही आणि त्याला येतं ते एवढंच. प्रेम मोजायचं त्याच्याकडे फुटांचंच माप आहे. ते तो तुझ्याच दुकानात शिकला, दादा, हेही ऐकून घे.

वहिनींनी लॅपटॉप मांडीवर घेतला. बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "कोन हाय ह्यो?"

"दादाच की," संजय म्हणाला.

"चांगला दिसतोय," त्या म्हणाल्या. "पन ह्यो आपल्या घरचा नाय रं, संजू."

संजय उठून बाहेर गेला. मागच्या पडवीतून त्याच्या रडण्याचा आवाज येत होता आणि आम्ही दोघी ऐकत बसलो.

माझ्याकडे तुझा एकच फोटो होता. तो मी तू गेल्याच्या दिवसापासून रोज उघडत होते. तू काय ओरडत होतास ते बघायला मी दोन बोटांनी तुझं तोंड मोठं करायचे. मोठं, अजून मोठं. मग तोंडाच्या जागी चार-पाच तपकिरी चौकोन उरायचे आणि मी मोबाइल बंद करायचे. तू कमानीपुढे इतका लहान आहेस की पत्रकात छापला तर तुझा चेहरा डाळीच्या दाण्याएवढा येईल. तो कापून बॅनर होणं शक्य नव्हतं.

पण फोटो मूळचा होता. मोबाइलमधला, कुठेही न पाठवलेला. अख्खा लावला तर त्याच्या पोटात ठिपके भरपूर होते. रस्त्यावरून बघायच्या हिशेबाने बॅनरभर सहज पुरले असते. हा हिशेब मी वहिनींच्या घरी, जमिनीवर बसून केला. तू शिकवलेल्या रीतीने. पहिल्यांदाच तुला न विचारता.

दुसऱ्या दिवशी मी दिलेल्या नकलेवरून संजयने कागदावर एक नमुना काढून आणला. अख्खी कमान, तिच्यावरचा कातळ, रान. वहिनींच्या हातात दिला आणि पुटपुटला, "दादा कुटं हाय ह्याच्यात? लोकांना दिसनार पन नाय."

खरंच आहे ते. लांबून बघणाऱ्याला तू दिसणार नाहीस. तुझ्याशी भांडताना मी जे म्हणत होते तेच संजय मला म्हणत होता.  मी संजयकडून तुझं भिंग घेऊन वहिनींपुढे धरलं.

त्यांना भिंग लागलंच नाही. त्यांनी बोट ठेवलं. "हे काय. हात बग ना त्यांचा."

"काहीतरी ओरडत होता," मी म्हटलं. "मला ऐकू नाही आलं, वहिनी. मी विचारलंच नाही नंतर."

वहिनी पहिल्यांदा जरा हसल्या. "त्यात काय इच्यारायचं? असा तळवा पुढं केला की काय म्हनायचे म्हाईत नाय? लगनात सगळ्या वऱ्हाडाला असंच ढकलायचे. मागं सरा, मागं सरा. सगळं बसलं पायजे फोटोत." त्यांनी तळवा पुढे करून दाखवला, तसाच, तुझ्यासारखा, आणि मग तो हात तसाच राहिला.

संजयने कागद घेतला आणि म्हणाला, "ह्योच लावू."

बॅनर आज सकाळी लागला. तुझं नाव मी एका कोपऱ्यात लिहिलं आणि मजकुरात एकही वाक्य ओरडणारं नाही. शोकाकुल मंडळींची रांग नाही. त्यावरून दोघेतिघे नाराज आहेत, संजय त्यांना तोंड देतोय. मी नाक्यावर उभी होते तेव्हा मोटारसायकलवरचा एकजण थांबला.

"कसला ह्यो बॅनर? ट्रेकिंगवाल्यांचा हाय का?"

"विनूदादाचा."

"कुठला विनू?"

"विनू डॉक्युमेंट."

"अरे द्येवा." त्याने गाडी स्टँडवर लावली. "कवा?" मी सांगितलं. "आमच्या आईचा बॅनर त्यानंच केलेला. घरी येऊन फोटो नेला होता." तो बॅनरपाशी गेला, मान वर करून वरपासून बघत खाली आला आणि अगदी कमानीच्या बुडाशी वाकला. त्याच्यामागून भाजीची पिशवी घेतलेली एक बाई थांबली. "काय बगता?" "हितं हाय तो," तो तिला म्हणाला. "ह्यो काय, हितं. हात केलेला." तीही वाकली.

त्यांच्या डोक्यांआड तू झाकला गेलास. मला कमान तेवढी दिसत होती, तीही पूर्ण नाही, वरचा कातळ कापला जात होता. मी दोन पावलं मागे सरले. अजून नाही मावलं. मग गाड्या जाऊ दिल्या, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या कडेला जाऊन उभी राहिले.